नव्या व्यापाऱ्याची पत



वसंत ऋतूत पैशाच्या गोष्टी बोलणे हा एक प्रकारचा अरसिकपणा आहे, याची आम्हांला जाणीव आहे. अशा व्यासपीठावर काव्य, इतिहास, अध्यात्म यांची वर्दळ असावयाची. तेथे उधारीचा विषय घेऊन उभा राहणारा मनुष्य म्हणजे लग्नमंडपात वसुलीस आलेला कारकूनच. परंतु रत्नागिरीचा वसंत हा नुसत्या कोकिळेचा नाही. तो पेट्या भरण्याचा आहे, मुंबईला रात्री सुटणाऱ्या गाड्यांचा आहे आणि दलालाकडून येणाऱ्या पट्टीची वाट पाहण्याचा आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांचे चित्त या घटकेला हिशेबात असणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. तेव्हा त्या चित्ताशी वैर न करता त्याच्याच विषयावर बोलावे हे बरे.

मराठीतला ‘पत’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. पत राखणे म्हणजे अब्रू राखणे, आणि बाजारात पत असणे म्हणजे हातात रोकड नसताना माल मिळणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. आपल्या पूर्वजांना उधारी आणि अब्रू या निरनिराळ्या वस्तू वाटल्याच नाहीत. अलीकडे मात्र या दोहोंची फारकत झाली आहे. गावात ज्याच्या शब्दावर लाखाचा व्यवहार होतो, त्याला बँकेतील तरुण अधिकारी संगणकाकडे पाहून सांगतो, “काका, तुमची काहीच नोंद दिसत नाही.” काका संतापतात. अधिकाऱ्याचाही दोष नसतो. आजचा विषय आहे तो या दोघांच्या मधल्या दरीचा.

अलीकडे आम्हांला पुष्कळ वेळा एक प्रश्न विचारला जातो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना टाकणारे, गणपतीपुळ्याकडे चार खोल्या बांधून पर्यटकांची सोय करणारे, मासळीच्या गाड्या भरणारे, असे नव्या उमेदीचे लोक विचारतात की, मोठ्या कंपन्यांच्या माणसांजवळ असते तसे धंद्याचे ‘चार्ज कार्ड’ आमच्या नावाने मिळेल काय? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात सारे पतशास्त्र भरलेले आहे.

प्रथम ही वस्तू काय ते पाहू. क्रेडिट कार्ड आपणांस ठाऊक आहे. महिन्याचे देणे पुरते न भरता थोडे भरावे, बाकीवर व्याज द्यावे, अशी त्यात सोय असते. आम्ही तिला गैरसोय म्हणू, पण ते पुढे येईल. चार्ज कार्डात ही मुभा नाही. महिनाभर खर्च करा आणि बिल आले की सगळेच्या सगळे चुकते करा. हे काही नवल नव्हे. वाण्याच्या दुकानातली आपली लाल वही हीच की! महिनाभर तूरडाळ, गूळ, रॉकेल लिहून न्यावे आणि पगाराच्या दिवशी वही मिटवावी. राहिले तर वाणी व्याज लावीत नसे, फक्त पुढल्या खेपेस डबा भरताना त्याचा हात आखडत असे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबने हीच वही पुठ्ठ्याच्या कार्डावर आणली व अनेक उपाहारगृहांत एकदम चालती केली. वाण्याची वही एका दुकानापुरती आणि हे कार्ड शेकडो दुकानांना पुरणारे, एवढाच काय तो फरक. पण हा ‘एवढाच’ फार मोठा आहे. वाणी तुम्हांला ओळखतो. कार्ड देणारा ओळखत नाही. ओळखीच्या जागी तो काय ठेवतो, हे कळले की अर्धे काम झाले.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांसंबंधी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत धंद्यासाठी द्यावयाच्या कार्डांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती चार्ज कार्डाच्या रूपाने देता येतात, किंवा धंद्याच्या ओव्हरड्राफ्ट वा कॅश क्रेडिट खात्याला जोडूनही देता येतात. शुद्ध चार्ज कार्डे आपल्याकडे मोजक्याच कंपन्या देतात आणि त्यांचा उंबरठा उंच आहे. दुसरा प्रकार आपल्या गावच्या बँकशाखेच्या अधिक जवळचा. दोहोंची वाट मात्र एकच.

आता जरा मागे जाऊ. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. सावकाराचे घर लुटण्यापेक्षा त्याचे कागद जाळण्याकडे लोकांचा ओढा अधिक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पत म्हणजे शेवटी कागद, आणि तो कागद कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना पुरते उमगले होते. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तरीही, १९५४ साली ग्रामीण पतपाहणीचा अहवाल बाहेर आला तेव्हा खेड्यातल्या शंभर रुपये कर्जापैकी सरकार, सहकारी संस्था व बँका मिळून सात रुपये देत होत्या. उरलेले त्र्याण्णव सावकार, व्यापारी, सोयरेधायरे असल्यांकडून येत. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व शाखा खेडोपाडी आल्या. पाटी आली, खिडकी आली. पण खिडकीपलीकडच्या माणसाला आपली ओळख पटवण्याचे काम राहिलेच.

आपल्या रत्नागिरीत एक जगावेगळे उदाहरण होऊन गेले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. त्याच्याजवळ राजघराण्याचे नाव होते, माणके होती, सरकारचा तनखा होता. तरी खर्च भागेना. जवाहीर येथल्याच व्यापाऱ्यांना विकले गेले आणि राजा कर्जात बुडाला. १९१६ साली तो येथेच वारला. टेकडीवरचा त्याचा राजवाडा पाहावयास लोक आजही जातात, आणि आम्हांला तो पाहताना नेहमी वाटते की, संपत्ती ही पत नव्हे, नावही पत नव्हे. हातात आलेला पैसा वेळेवर परत जातो की नाही, एवढ्याच गोष्टीची बाजार नोंद ठेवतो.

ही नोंद आपल्या जिल्ह्यात कशी ठेवली जाते ते पाहा. बागायतदाराला पैसा लागतो तो पावसाळ्याच्या तोंडाला खतासाठी, मोहोर आला की फवारणीसाठी, मग राखणीला, मग पेट्या, पेंढा, मजुरी व गाडीभाडे यांना. हाती येतो तो एप्रिल-मे महिन्यांत. मधले आठ-नऊ महिने कोणी निभवायचे? मुंबईचा दलाल निभावतो. तो उचल देतो. अट एकच, की हंगामाचा माल त्याच्याच गाळ्यावर गेला पाहिजे. उचलीवर व्याज लावलेले असो वा नसो, माल एकदा बांधला गेला की भावाची घासाघीस करण्याचा हक्क आपोआप बुडतो. मिरकरवाड्याच्या बंदरात नाखवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून डिझेल-बर्फासाठी आगाऊ घेतो, त्याचीही गत निराळी नाही. दलालाला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. बँकेचे दार ज्या दिवशी उघडत नाही त्या दिवशी तो पैसे देतो, आणि मोहोर करपला त्या वर्षी थांबतोही. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. तीस वर्षे उचल घेऊन जो पै न पै फेडतो, त्याच्या सचोटीची नोंद वाशीच्या त्या एका गाळ्यापलीकडे कोठेही नसते. उद्या दलालाच्या मुलाने धंदा मोडला की तीस वर्षांची पत त्याच्याबरोबर गेली. कागद पुन्हा दुसऱ्याच्याच हाती!

पतसंस्थांची गोष्ट थोडी अशीच आहे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांनी पुष्कळ लोकांना उभे केले आहे. पण त्या राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. त्यामुळे तेथे वेळेवर फेडलेल्या हप्त्यांची वार्ता बहुधा त्या संस्थेच्या भिंतींबाहेर जात नाही. आणि ज्या भिंतीआड आज नोंदी पाहिल्या जातात ती जागा निराळीच आहे.

ती जागा म्हणजे पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण सिबिल हे त्यांतल्या एकीचे नाव. ती २००० साली निघाली. २००५ साली यासंबंधीचा कायदा झाला, आणि आज एकूण चार कंपन्या हे काम करतात. बँका व वित्तसंस्था त्यांना वेळोवेळी कळवतात की, अमक्याने कर्ज घेतले, तमक्याने हप्ता चुकवला. यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असला की बँकवाल्याचा चेहरा खुलतो. ज्याने जन्मात कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या नावापुढे मात्र आकडा नसतो. ‘उणे एक’ अशी खूण असते. आमच्या एका स्नेह्यांना ती पाहून फार वाईट वाटले. “आयुष्यात कोणाचे देणे ठेवले नाही, त्याचे हे बक्षीस?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे न्यायाचे आहे. पण ती खूण निंदा करीत नाही, ‘आम्हांला माहीत नाही’ एवढेच म्हणते. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीतील निर्देशांत बँकांना बजावले आहे की, पूर्वीचा कर्जव्यवहार नाही एवढ्याच कारणावरून पहिल्याने कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये. शाखेत कोणी ‘उणे एक’कडे बोट दाखवून वाटेला लावू लागला, तर हे त्याला नम्रपणे सांगावे.

तर या ‘उणे एक’पासून कार्डापर्यंत जायचे कसे?

नगरवाचनालयाचे सभासद होताना काय करावे लागते? अनामत भरावी लागते. ग्रंथपाल तुम्हांला ओळखत नाही, पण अनामत त्याच्याकडे आहे. पुस्तक हरवले तर तो निश्चिंत. तुम्ही पुस्तके वेळेवर परत करीत राहता, आणि वर्षभराने तो आपण होऊन नवी कादंबरी काढून ठेवतो. बँकेत याला मुदत ठेवीवर दिलेले कार्ड म्हणतात. समजा, पन्नास हजारांची ठेव ठेवली, तर साधारणतः तिच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांइतकी मर्यादा असलेले कार्ड बँक देते. उत्पन्नाचे दाखले, आकडे यांची कटकट फारशी नाही. ठेवीवर व्याज चालूच राहते. या कार्डावर धंद्याचे विजेचे बिल, डिझेल, टेलिफोन असा ठरलेला खर्च टाकावा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नये आणि बिल आले की सगळे भरावे. सहा-आठ महिन्यांत ‘उणे एक’ जाऊन आकडा दिसू लागतो. यात चातुर्य लागत नाही. तारीख लक्षात ठेवावी लागते, इतकेच.

सगळे भरावे, असे आम्ही म्हणालो. त्यावर थोडे थांबू, कारण आमच्या समजुतीप्रमाणे सारा घात येथेच होतो. बिलावर ठळक अक्षरांत ‘किमान देय रक्कम’ असते आणि माणसाला वाटते, बँकेने उदारपणे सूट दिली. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आहे. चाळीस हजार बाकी असेल तर महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २५२. झाले १,६५२. त्या महिन्यात तुम्ही २,००० रुपये भरलेत तर मूळ कर्ज फिटले किती? ३४८ रुपये! वर्षाला सरळ हिशेबाने बेचाळीस टक्के. १८७५ साली जाळलेल्या वह्यांतले काही आकडे याहून सौम्य निघतील. चार्ज कार्डाचा आम्हांला जो थोडाफार पुळका आहे तो यासाठीच की, त्यात ही फसवी सवलत नाही. ज्याला पहिल्या कार्डावरच पूर्ण भरण्याची सवय लागली, त्याला पुढे चार्ज कार्डाची भीती वाटत नाही; ज्याला लागली नाही, त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

अनामत भरण्याइतकेही पैसे नसतील तर? त्यांच्यासाठीही पायऱ्या आहेत. २०१५ सालच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्यांसाठी २०२० साली निघालेली स्वनिधी योजना तर पतशास्त्राचा पहिला धडाच आहे. आरंभी दहा हजार, ते फेडले की वीस, तेही फेडले की पन्नास, अशी तिची रचना होती. २०२५ साली पहिल्या दोन रकमा पंधरा व पंचवीस हजारांवर नेल्या, आणि दुसरे कर्ज फेडणाऱ्यास कार्ड देण्याचे ठरले. मोठ्या दुकानदारांनी या हातगाडीवाल्यांकडे पाहून शिकावे असे आम्हांला पुष्कळदा वाटते. आपल्यापैकी अनेकांना पहिल्याच अर्जात दहा लाख हवे असतात.

आता धंद्याच्या नावाची गोष्ट. एकट्या मालकाच्या धंद्याला कायद्याने मालकाहून निराळे अस्तित्व नाही. ‘अमुक एंटरप्रायझेस’ अशी पाटी कितीही रंगीत असली तरी बँक पाहते ती मालकाचा स्वतःचा आकडा. मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता तुमच्या नावावर असेल व तो चुकला, तर त्याचा डाग तुमच्या कारखान्याच्या अर्जावर दिसतो. म्हणून धंद्याचे चालू खाते वेगळे असावे, विक्रीचा पैसा त्यातूनच फिरावा, उद्यम नोंदणी करावी (तिला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नयेत) आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र वेळच्या वेळी भरावे. कार्ड देणारे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे व खात्याचे उतारे मागतात. येथे आपल्या बागायतदाराची विचित्र अडचण होते. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून तो विवरणपत्र भरीत नाही. ताज्या आंब्याला वस्तू व सेवा कर नाही, म्हणून तीही नोंद नाही. वर्षाला वीस लाखांचा आंबा विकणारा मनुष्य कागदावर मुळी अस्तित्वातच नसतो! कर लागत नसला तरी विवरणपत्र भरता येते व त्यात शेतीचे उत्पन्न दाखवता येते. करसल्लागाराची चार पैशांची फी त्यासाठी खर्ची घालणे हा तोटा नव्हे.

आणि भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोकम, आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांचा धंदा आपल्याकडे बायका करतात आणि पैसे घरच्या पुरुषाच्या खात्यात जातात. काही कारणाने उद्या तिला स्वतः उभे राहावे लागले, तर वीस वर्षांच्या कष्टांचा एक ओळीचा पुरावा तिच्याजवळ नसतो. खाते, नोंदणी आणि पहिले लहानसे कर्ज तिच्याच नावाने असावे. घरात यावरून कुरबूर झाली तर ती आत्ता झालेली पत्करली.

जामिनकीचा विषय काढला की कोकणात सभा गंभीर होते. मेहुण्याला, शेजाऱ्याला, जुन्या सहाध्यायाला ‘नाही’ म्हणणे आपल्या स्वभावात नाही. सही करताना वाटते, कर्ज त्याचे आहे. पण जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसते, आणि तो थकला तर बँक आपल्या दाराशी येते. जामीन राहूच नये असे आम्ही म्हणत नाही. जामिनकीवरच तर सहकाराची उभारणी झाली. सही केल्यावर वर्षातून एकदा आपला अहवाल मागवून पाहावा. चारही कंपन्यांकडून दरवर्षी प्रत्येकी एक अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक आढळली तर तक्रारही फुकट करता येते, तीस दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणून हजारो रुपये घेणारे गृहस्थ गावोगाव फिरतात. खरी थकबाकी ते पुसू शकत नाहीत, खोटी तुम्ही स्वतःच पुसून घेऊ शकता. तसेच ‘तडजोड करून कर्ज मिटवले’ यात पुष्कळांना मोठी फत्ते वाटते. अहवालात मात्र ती ‘तडजोड’ म्हणूनच वर्षानुवर्षे राहते, फेड म्हणून नव्हे.

शेवटी ऋतूंकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात कार्डाचा प्रश्न शेवटी ऋतूंचा आहे. कार्डाचे बिल दर महिन्याला येते. आंबा दर महिन्याला येत नाही. जून व जुलैत मासेमारी बंद असते, पण बिलाची तारीख बंद नसते. म्हणून ज्याचे उत्पन्न हंगामी, त्याने चार्ज कार्डाच्या मोहात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी १९९८ साली निघालेले किसान क्रेडिट कार्ड आहे. पिकाच्या हंगामाला धरून त्याची फेड असते, तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेवर फेडल्यास व्याज चार टक्क्यांवर येते, आणि आता मच्छीमारांनाही ते मिळते. त्याची फेड बँकेकडून पतकंपन्यांना कळते, दलालाच्या उचलीसारखी गाळ्यात राहत नाही. चार्ज कार्ड हवे ते बारमाही धंद्याला: आंब्याचा रस डबाबंद करून वर्षभर विकणाऱ्याला, वाहतूकदाराला, खानावळवाल्याला, औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला. त्याने दोन-तीन वर्षे ठेवीवरचे कार्ड व एखादे लहान कर्ज स्वच्छ चालवावे, मग आपल्याच बँकेत धंद्याच्या कार्डाची चौकशी करावी. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाखांपर्यंतच्या कार्डाची घोषणा झाली आहे, तिचीही विचारपूस करावी.

चौकशीला जाताना चालू खात्याचा वर्षाचा उतारा, विवरणपत्रे, उद्यमचा दाखला आणि आपला पतअहवाल एका पिशवीत घालून न्यावा. मेच्या अखेरीस जाऊ नये. त्या दिवसांत बागायतदारांच्या भरण्याची गर्दी असते. गणपती आटोपल्यावर जावे, अधिकाऱ्याला बोलायला वेळ असतो. श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारावयाचे असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने त्यांनी आता विचारावे.